पुंगळीत डोकावणारी नजर



आपल्या वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग नेहमी वाचायला मिळतो : 'जिवंत काडतुसे'. अमुक ठिकाणी छापा पडला, एक पिस्तूल आणि चार जिवंत काडतुसे हस्तगत झाली. गोळी झाडून झाली की मागे उरते ती 'रिकामी पुंगळी'. ज्या वस्तूचे काम जीव घेण्याचे, तिला आपण जिवंत म्हणतो! आज मी बोलणार आहे ते रिकाम्या पुंगळीला पुन्हा जिवंत करणाऱ्या एका यंत्राविषयी. कवीने काडतुसांवर कशाला बोलावे, असे कुणी विचारील. पण या यंत्रात हात, डोळा आणि वेग यांचा जो झगडा चालतो, तो मला फार ओळखीचा वाटतो.

काडतूस हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी आहे कागद. कागदाच्या सुरळीत दारू आणि शिशाची गोळी बांधलेली, म्हणून काडतूस. १८५७ साली हीच कागदी सुरळी दातांनी फाडायची होती आणि तिला गाईची व डुकराची चरबी लावली आहे अशी बोलवा पसरली. हिंदू शिपाई आणि मुसलमान शिपाई, दोघांचेही दात एकाच वस्तूपाशी अडले. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरतेत ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी ती काडतुसे घ्यायचे नाकारले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

आज कागद गेला, पितळ आले. आजच्या काडतुसाचे चार भाग : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. बार उडाला की तीन गोष्टी संपतात, पुंगळी तेवढी उरते. अमेरिकेत ही पुंगळी घरी पुन्हा भरण्याचा छंद मोठा आहे. तिथल्या १९६८ च्या कायद्यानुसार धंदा करायचा तर परवाना लागतो, स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. आपली काडतुसे खडकीच्या, वरणगावच्या कारखान्यांत होतात. अमेरिकेत मात्र गॅरेजमधल्या बाकावर हा कारखाना बसलेला असतो. नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांना सरावासाठी हजारो काडतुसे लागतात. विकत घेणे परवडत नाही, म्हणून ते घरी भरतात.

त्यांचे यंत्र असे. मधोमध एक गोल तबकडी. दांडा एकदा खाली ओढून वर नेला की तबकडी एक घर पुढे सरकते. एसटीचे थांबे असावेत तसे पाच थांबे. पहिल्यावर जुना प्रायमर निघतो आणि पुंगळी मापात येते, मग नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर दारू पडते आणि पुंगळीचे तोंड किंचित फुलवले जाते. तिसऱ्यावर दारूची पातळी तपासणारे साधन असते. ती कमीजास्त झाली तर ते इशारा देते. चौथ्यावर गोळी दाबून बसवली जाते. पाचव्यावर तोंड आवळले जाते. या सगळ्यांत गोळी पुंगळीच्या तोंडावर ठेवायचे काम डाव्या हाताचे. हा हात वाचवण्यासाठी जे जोडयंत्र निघाले, ते म्हणजे बुलेट फीडर.

आपल्या पाभरीचे चाडे आठवा. चाड्यावर मूठ धरून बी सोडायचे, नळ्यांतून ते तासात पडायचे. फीडरचे काम तेच. वरच्या टोपल्यात शेकडो गोळ्या ओतायच्या. आत तिरपी चकती फिरते, तिच्या खाचांत एकेक गोळी शिरते. नाक खाली करून आलेल्या गोळीला यंत्र कोलांटी देते, कारण गोळी बुडावर उभी राहिली पाहिजे. मग ती नळीतून खालच्या डायमध्ये येते. तिथे बारीक छर्रे तिला अडवून धरतात. खालून पुंगळी वर आली की तिचे तोंड आतला कडा उचलते, छर्रे बाजूला होतात आणि एक गोळी, एकच, पुंगळीवर उतरते.

आता जुळवणी. सगळे अवलंबून आहे ते डायच्या उंचीवर. डाय फार वर राहिला तर फाटक उघडत नाही. पुंगळी गोळीविना पुढे जाते आणि तबकडीच्या झटक्याने दारू सांडते. फार खाली गेला तर फाटक गरजेपेक्षा जास्त उघडते, एकीमागून दुसरी गोळी येते आणि अडकते. म्हणून पुंगळी वर धरून डाय थोडा थोडा फिरवायचा, एकच गोळी सुटते तिथे थांबायचे आणि नट आवळायचा. मग पुंगळीचे तोंड. ते कमी फुलले तर गोळी कलंडते, जास्त फुलले तर पितळ लवकर चिरते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी ११५ ग्रेनची असते, तशी १४७ ग्रेनचीही. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. आपल्या सोनाराची गुंज, तसे हे वजन. गोळीचा आकार बदलला की जुळवणी पुन्हा तपासायची.

इथवर सगळे सोपे. खरा प्रश्न पुढे आहे. थांबे पाचच आणि फीडरला एक थांबा हवा. मग कुणाला उठवायचे? एक वाट अशी की गोळी दाबणे आणि तोंड आवळणे ही दोन कामे एकाच डायकडून करून घ्यायची. ती जुळवायला किचकट. दुसरी वाट सोपी : दारू तपासणारे साधन काढून टाकायचे. वेगासाठी पहारेकऱ्याला रजा!

आणखी एक गोष्ट आहे. डावा हात गोळी ठेवायचा, तेव्हा डोळा आपोआप पुंगळीत डोकावायचा. दारू आहे की नाही, दुप्पट तर नाही, हे त्या क्षणात दिसायचे. हात मोकळा झाला आणि त्याच्याबरोबर डोळाही निघून गेला. पाभरीवरच्या बाईची मूठ नुसते बी सोडत नसे. नळी तुंबली तर तिच्या ते लगेच ध्यानात येई.

दारू पडली नाही तर काय होते? प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. मागून दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते. दुप्पट पडली तर त्याहून वाईट. नऊ मिलिमीटरच्या काडतुसासाठी अमेरिकी उत्पादकांच्या संस्थेने दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड ठरवली आहे. झपाट्याने जळणाऱ्या काही दारू अशा की त्यांच्या मापाने पुंगळी अर्धीही भरत नाही. दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, गोळीखाली गुपचूप झाकली जाते. बाहेरून ते काडतूस इतरांसारखेच चकचकीत दिसते. फुटते ते हातात, चेहऱ्यासमोर.

म्हणून जाणती माणसे फीडर बसवतात, पण यंत्राच्या डोक्याखाली छोटा दिवाही लावतात. कुणी बारीक आरसा लावतो, कुणी कॅमेरा. सोय अशी की दांडा ओढता ओढता प्रत्येक पुंगळीच्या पोटात दिसले पाहिजे. हाताचे श्रम वाचवायला पैसे मोजले, आता नजर परत आणायला वेगळे पैसे मोजायचे.

मला त्यांचे हे शहाणपण आवडते. यंत्राला नावे ठेवून ते बसले नाहीत. यंत्राने काय दिले आणि देता देता काय उचलून नेले, याचा हिशेब त्यांनी मांडला. आपल्याकडे बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या निकालात, मतदारयाद्यांत आज कितीतरी कामे हातातून यंत्राकडे गेली. ती जावीतही. पण जो हात आपण काढून घेतला, त्याच्याबरोबर कोणती नजर गेली, हे आपण विचारले आहे का? नसेल विचारले, तर तिथे एक दिवा लावायचे काम बाकी आहे.