वाकणे आणि नमणे



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन रातपाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे मी कामगारांना एकच गोष्ट सांगत आलो, की कुणापुढे वाकू नका. आणि आज मला विषय दिला आहे, 'सर्व धर्मांतील समान सूत्र'. विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ज्या धर्माकडे पाहावे, तो वाकायलाच सांगतो! मुसलमान नमाजात कपाळ जमिनीला टेकवतो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे थोरला-धाकटा पाहत नाहीत. येशू ख्रिस्ताने अखेरच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. शिखांच्या लंगरात सारे एका पंगतीला जमिनीवर बसतात. मग मी इतकी वर्षे चुकीचे सांगत होतो काय?

उत्तर मला आपल्या गावच्या महागणपतीने दिले. कथा आपणां सर्वांना पाठ आहे. त्रिपुरासुराशी लढताना शंकराला जय मिळेना. गणेशाचे स्तवन राहून गेल्याचे कळले, तेव्हा बापाने मुलाची आराधना केली आणि मग त्रिपुराचा वध झाला. थोरला धाकट्यापुढे नमला; पण त्याने थोरल्याचे थोरपण रतीभरही उणे झाले नाही. शंकराला कोणी कामावरून काढण्याची धमकी दिली नव्हती. भीतीपोटी होते ते वाकणे. समोरच्याची थोरवी ओळखून होते ते नमणे. पहिल्याविरुद्ध मी लढत आलो. दुसरे मात्र मला फार उशिरा शिकायला मिळाले.

घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणतात) शिरले, की श्रीगोंदे फार लांब नाही. तेथे सतराव्या शतकात शेख महंमद होऊन गेले. जन्माने मुसलमान, आणि मराठी संतांच्या मालिकेतले. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरू मानीत, अशी परंपरा आहे. १६४५ साली त्यांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ पुरा केला. नाव संग्राम आहे खरे. पण त्यातला शत्रू परक्या धर्माचा नाही. तो माणसाच्या आत बसलेला अहंकार आहे. शेखबाबांच्या समाधीस्थानाला कोणी मंदिर म्हणतो, कोणी दर्गा, आणि त्यावरून अलीकडे वादही झाले आहेत. ज्याने अहंकाराशी लढायला शिकवले, त्याच्याच दारात आपण आपापला अहंकार घेऊन उभे राहतो, याचे मला वाईट वाटते.

पण दुसऱ्याला बोल लावण्याआधी माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालू होती. मी गेट मीटिंग शुक्रवारी दुपारी एकला ठेवली. आमचे मुसलमान सभासद सभा संपता संपता आले. मी माईकवरून सर्वांदेखत म्हणालो, "एकजूट मोडणारे आले!" सभेनंतर त्यांच्यातले एक वयस्क वायरमन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, आषाढी एकादशीला तुम्ही मीटिंग ठेवता का?"

मला उत्तर सुचले नाही. एकादशीला आम्ही सभा घेत नसू. कित्येक सभासद वारीला गेलेले असत. त्यात धर्म आहे, हे माझ्या मनातही कधी आले नव्हते. ती मी साधी सोय समजत होतो. बंधूंनो, आपला धर्म आपल्याला सोय वाटते आणि दुसऱ्याचा धर्म अडचण वाटते. भांडणाचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते. पुढच्या सभेत मी त्याच माईकवरून माफी मागितली आणि सभेची वेळ पाळी बदलण्याची ठरवली. मधल्या काळात चौघांनी वर्गणीची पावती फाडणे बंद केले होते. दोघे परत आले, दोघे आले नाहीत. करार झाला, पगारही वाढले; पण त्या दोघांचा हिशेब माझ्या खात्यावर अजून बाकी आहे.

आमच्या चळवळीचे आद्यपुरुष नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेचाही वार. पण सुट्टी मिळाली ती प्रत्येक कामगाराला, त्याचा देव न विचारता. पुढे १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा पेटला, तेव्हा हेच लोखंडे सलोख्यासाठी झटले. कामगारांच्या विसाव्यासाठी लढणारा माणूसच सलोख्यासाठी धावला, हा मला योगायोग वाटत नाही. दमून पडलेल्या माणसाला कोणताच देव आठवत नाही, हे त्यांना कळले असावे.

सारे धर्म एकच आहेत, असे म्हणून टाकणे सोपे आहे. तसे म्हटले की शेजाऱ्याचे ऐकून घेण्याचे कष्ट वाचतात. धर्मांत भेद आहेत आणि ते राहतील. पण आज आपल्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा येथून आलेली माणसे एका यंत्रावर पाळी बदलतात. त्यांच्या सणाचा दिवस कोणता, उपवास कधी, प्रार्थनेची वेळ कोणती, एवढे तरी आपण विचारून ठेवू या. मालकापुढे वाकू नका, हे मी उद्याही सांगेन. शेजाऱ्यापुढे मात्र नमायला शिकू या.