आगोटीचा शेवटचा आठवडा



पुढचा आठवडा मे महिन्याचा शेवटचा. रोहिणी लागली की मृगाला पंधरवडा उरतो. आपल्या पनवेलच्या बाजूला ही सगळी आगोटीची घाई. सुकट-बोंबील ऊन दाखवून डब्यात भरायचे, लाकडं आत घ्यायची, मिरची कांडायची, आणि गटाच्या कुरडया-पापडांची शेवटची ऑर्डर पुरी करायची.

आधी उन्हाचं बोलू. या दिवसांत आपल्याकडे पारा पस्तिशीच्या आसपास असतो. विदर्भातल्या बाया हसतील आपल्याला! पण खाडीवरून येणारी हवा ओली असते, घाम वाळत नाही, आणि अंग आतून तापत जातं. एप्रिल 2023 मध्ये आपल्या खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. तेव्हाही पारा काही चाळिशीच्या वर नव्हता. म्हणून नुसता आकडा ऐकून भरदुपारी लाकडाला किंवा बँकेच्या कामाला निघू नका. सकाळी अकराच्या आत उरका, नाहीतर चारनंतर बघा.

आता पावसाचं. मुंबई-पनवेलला मान्सून पोचायची नेहमीची तारीख 11 जूनच्या आसपास. पण 2023 मध्ये तो मुंबईत 25 जूनला आला, आणि 2025 मध्ये 26 मेलाच. महिन्याचा फरक! त्या 2025 साली आम्ही पंधरा किलो गहू कुरडयांसाठी भिजवून बसलो होतो. रेडिओवर ऐकलं होतं, "रायगडमध्ये तुरळक ठिकाणी पाऊस." तुरळक म्हणजे आपल्याकडे नाहीच, असं आम्हीच ठरवून टाकलं. चीक शिजवला, कुरडया घातल्या, आणि उघडीप मिळालीच नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या आंबल्या. गव्हाचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलेले, तो हप्ता पुढे दोन महिने आम्ही पदरचे घालून भरला.

मग आम्ही तो शब्द विचारून घेतला. हवामान खात्याच्या भाषेत "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच्या ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि इशारा असतो तो अख्ख्या रायगडचा, पनवेलपासून पोलादपूरपर्यंत. पाऊस महाडला पडेल किंवा आपल्या अंगणात. म्हणजे "तुरळक" ऐकलं तरी सगळा माल एकाच दिवशी उन्हात टाकायचा नाही.

गहू तीन दिवस भिजतो, ही खरी गोम. एकदा भिजवला की मागे फिरता येत नाही. खात्याचा जिल्ह्याचा अंदाज पाच दिवसांचा मिळतो, म्हणून भिजवायच्या आदल्या रात्री तो बघा आणि चौथ्या-पाचव्या दिवसाला काय लिहिलंय ते वाचा. तिथे पिवळा रंग असेल तर निम्माच भिजवा. नारिंगी असेल तर गहू पोत्यातच राहू दे, गिऱ्हाईक चार दिवस थांबतं. उडदाचे पापड तेवढे जोखमीचे नाहीत, सावलीत पंख्याखालीही सुकतात.

वळवाचा पाऊस बहुतेकदा दुपारनंतर पूर्वेकडून येतो. माथेरान-प्रबळगडाच्या अंगाला काळं दिसलं की वाळवण उचलायचं. ढग गडगडायला लागला तर मात्र गच्चीवरचं वाळवण, दोरीवरचे कपडे सगळं तसंच सोडून पक्क्या घरात या, आंब्याखाली थांबू नका. पापड काय, पुन्हा लाटता येतात.

डोंगराखालच्या वाड्यांतल्या बायांना हा गडगडाट आपल्याआधी ऐकू येतो. त्यांच्याशी आम्ही ठरवून घेतलंय, त्यांनी एक मिस्ड कॉल द्यायचा. तो आला की आमच्या आळीत सगळ्या गच्चीकडे पळतात. तुमच्या गटानेही वरच्या वाडीतला एक नंबर या आठवड्यात घेऊन ठेवा, आणि त्या बायांना आगोटीच्या कुरडया द्यायला विसरू नका.