धमकी व मारहाणीच्या आरोपांतील बचाव
(ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



आमच्याकडे येणाऱ्या फौजदारी पक्षकारांत चोर-दरोडेखोर विरळाच. बहुतेक जण बांधावरून वा पाटाच्या पाण्यावरून चुलतभावाशी भांडून आलेले. ‘शिवीगाळ केली, मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य प्रत्येक फिर्यादीत याच क्रमाने आढळते. लिहून घेणाऱ्याचा हात त्यास सरावलेला असतो.

या वाक्याची फोड करणे हेच बचावाचे अर्धे काम होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ अन्वये साध्या धमकीस दोन वर्षांपर्यंत, तर जिवे मारण्याच्या धमकीस सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तथापि रागाच्या भरात ‘बघून घेईन’ म्हटले, एवढ्याने गुन्हा होत नाही. समोरच्यास भयभीत करण्याचा हेतू दिसावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने माणिक तनेजा खटल्यात २०१५ साली हेच सांगितले. म्हणून आम्ही साक्षीदारास प्रथम विचारतो : नेमके शब्द कोणते? पाच साक्षीदारांची पाच निराळी वाक्ये निघतात, किंवा पाचांचे एकच पाठ केलेले वाक्य निघते. दोन्ही आम्हांस उपयोगी!

मारहाणीची गोष्ट निराळी. तेथे शब्द नव्हे, जखम बोलते, आणि आरोपीच्या अंगावरची जखमही बोलते. ती कशी झाली याचा खुलासा फिर्यादी पक्षाने न करणे ही किती महत्त्वाची बाब आहे, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निर्णयात आले आहे. किरकोळ ओरखड्यांस मात्र तेवढे वजन नाही.

येथे आमचीच एक चूक सांगणे भाग आहे. पोलीस भरतीच्या यादीत नाव आलेला एक तरुण मनगट सुजलेल्या अवस्थेत संध्याकाळी आमच्याकडे आला. काठी आधी चुलतभावाने उगारली होती. ‘आज विश्रांती घ्या, उद्या पाहू’, असे आम्ही म्हणालो. त्याच रात्री त्यास सरकारी दवाखान्यात धाडले नाही. फिर्याद त्याच्यावर आधी नोंदली गेली. सूज ओसरली, आणि स्वसंरक्षणाच्या म्हणण्यास त्याच्या शब्दावाचून आधार उरला नाही. दाखला हाती असता तर चुलतभाऊ पहिल्याच महिन्यात तडजोडीस आला असता.

साध्या दुखापतीत जखमी इसमास तडजोड करता येते व तिचा परिणाम निर्दोष सुटकेचाच असतो. त्यासाठी उभयतांच्या वडीलधाऱ्यांस आम्ही तीनदा कचेरीत बोलाविले. अखेर अर्जावर सह्या झाल्या. तोवर त्या तरुणाची भरतीची वयोमर्यादा उलटून गेली होती.