हात लावायचे दगड

चांदवडच्या पोरांना दगडाचं कसलं अप्रूप? सातमाळ्याचे कडे उठल्यासुटल्या डोळ्यांसमोर. पण तीच पोरं सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेला नाक लावून उभी राहतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि स्टिलबाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट असे स्फटिक घडले. विहीर खणताना ते हाती लागतात.

तिथे काच हवीच. पण चांदवडात मुलांसाठी बिनकाचेचं दालन करायचं झालं, तर सगळ्यात देखणे दगड आधी बाद करावे लागतील. स्कोलेसाइटच्या सुया बोटात मोडतात. मेसोलाइटचा कापसासारखा झुबका एका स्पर्शात चुरतो. अपोफिलाइट आडवा सहज दुभंगतो, कडा धारदार. गॅलेनात शिसं, हिंगुळात पारा; पोरांची बोटं तोंडात जातात, म्हणून हे कपाटातच.

मग उरतं काय? ओबडधोबडच, पण भरपूर. सच्छिद्र काळ्या पाषाणाचा मोठा ठोकळा ठेवावा. बुडबुड्यांच्या भोकांत बोट घालायला मुलांना फार आवडतं. फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा भरीव पाषाण ऐंशी किलोच्या घरात जातो, तेव्हा सच्छिद्र असला तरी कुणी उचलून पायावर पाडण्याची भीती नाही. पण तो डुगडुगायला नको, बैठक सिमेंटात पक्की हवी. शेजारी अकीक, घासून गुळगुळीत केलेला. सुटा खडा एकही नको, तो घशात अडकतो. लोहचुंबकही सुटं नको. गिळलं तर आतड्याशी गाठ. त्याऐवजी बंद डबीतलं होकायंत्र पाषाणाजवळ फिरवू द्यावं. पाषाणात मॅग्नेटाइट असतं, सुई कधी कधी चक्क वळते.

कठीणपणा शिकवायला फ्रीडरिक मोह्स यांची १८१२ सालची मोजपट्टी आहेच. तिच्यात पहिलं शंखजिरं, पण त्याची पूड नाकात जाते. ते वगळून दुसऱ्या क्रमांकाचं जिप्सम घ्यावं. त्यावर नखानं रेघ उठते. तिसऱ्या कॅल्साइटवर नख चालत नाही. सातव्या गारगोटीनं काचेवर ओरखडा निघतो, पण तो मार्गदर्शकानं काढून दाखवावा, चष्मा लावून.

जिप्समची लादी पोरांच्या नखांनी झिजणार, हे धरूनच चालावं. तिला खिळे ठोकू नयेत, चौकटीत सरकवावी, म्हणजे बदलताना सुताराला बोलवावं लागणार नाही.