भादव्यातली परसबाग
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भादवा लागला की कपाशीला बोंडे धरू लागतात, ज्वारी निसवते आणि आपला खिसा रिकामा असतो. होते नव्हते ते पेरणीत, खतात, निंदणात गेले. वेचणीचा पैसा दसरा-दिवाळीशिवाय दिसत नाही. अशा वेळी दहा एकरांच्या धन्याची बायको बाजारातून पाव किलो गवार आणते, तीही उधारीवर!

रोजची ३० रुपयांची भाजी धरा. भादवा-आश्विनाच्या ६० दिवसांत १,८०० रुपये झाले. घरामागे एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा असली, तर यातला बराच पैसा घरात राहतो.

पावसाच्या सुरुवातीला लावलेली भेंडी, गवार, चवळी आता तोडणीवर आहे. भेंडी दिवसाआड तोडा. चार दिवस राहिली की निबर होते आणि झाडाला पुढची फळे कमी लागतात. दोडका, कारले पऱ्हाट्यांच्या मांडवावर चढवा. ओल्या जमिनीला टेकलेले फळ सडते. उघडीप पडली तर भांडी-धान्य धुतलेले पाणी आळ्यात सोडा. गावरान वाणाचे एखादे निरोगी झाड बियाण्यासाठी राखा. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका.

भेंडी ही कपाशीच्याच कुळातली. तुडतुडे, मावा, ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर येते. म्हणून ती कपाशीलगत नको. आणि कपाशीचा फवारणी पंप परसात आणूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. ते विष लेकरांच्या ताटात कशाला? परसात निंबोळी अर्क वापरा.

आता भावांना एक सांगतो. दिवसभर निंदून आलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम, असा परसबागेचा अर्थ असेल तर ती नको. कुंपण, मांडव, पाणी तुम्ही करा. उरलेली भाजी विकली तर पैसा तिच्या हातात राहू द्या. आपण घामाचा दाम मागतो; घरातला घाम फुकट कसा?

परसबागेने कापसाला भाव मिळणार नाही, तो लढूनच घ्यावा लागेल. पण दुकानाची उधारी जितकी कमी, तितका पहिल्या वेचणीचा कापूस पडेल त्या भावात घालण्याची घाई कमी. चार दिवस थांबता आले, तरी पुष्कळ झाले.