जनसुनावणीला काय विचारावे?



समुद्रकाठी बंदर किंवा मोठा कारखाना काढायचा, तर परवानगीच्या आधी एक अहवाल लिहावा लागतो. त्याला पर्यावरण आघात मूल्यांकन म्हणतात. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. या कामाने हवा, पाणी, मासळी आणि माणसे यांचे काय होईल, ते आधी पाहायचे.

पण उलटा प्रश्नही आहे. समुद्र त्या कामाचे काय करील? बंदर काही दोन वर्षांसाठी बांधत नाहीत. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर चढली. आता तर ती जास्तच भराभर चढते आहे.

मुंबईचेच पाहा ना. इंग्रजांच्या काळातली गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी जागीच साचले, तर माणसाच्या कमरेला लागेल! त्यात समुद्राला भरती. भरती आली की गटारांची तोंडे पाण्याखाली जातात, मग पाणी जाणार कुठे? मिठी नदी तर भराव घालघालून आवळलेली. शेकडो माणसे दगावली. पुढे ५० मिलिमीटरच्या हिशेबाने गटारे वाढवायला घेतली. पण २०६० सालचा पाऊस मागच्या वह्या चाळून कसा सापडणार?

अहवालात कोणती प्रकरणे असावीत, ते २००६ सालच्या सरकारी अधिसूचनेत ठरवून दिले आहे. त्यांत हवामानबदलाचे वेगळे प्रकरण नाही. ते हवे, असे आम्हांला वाटते. तोवर आपण विचारायचे.

जनसुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी निघते. (इमारतींच्या कामांना सुनावणीच नाही. हेही आम्हांला पटत नाही.) अहवाल जिल्हाधिकारी कचेरीत पाहायला मिळतो. त्याचा सारांश मराठीत असतो, आणि तो आता तुम्हांला वाचता येतो. वाचा आणि विचारा : भरावाची उंची कोणत्या सालची भरती धरून ठरवली? तिवरे तोडली, तर उधाणाची लाट कोण अडवणार? भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला, तर नाल्याचे पाणी कोणाच्या घरात शिरेल?

सुनावणी संपताना झालेल्या बोलण्याची नोंद मराठीत वाचून दाखवावी लागते. तोवर उठू नका. तुमचा प्रश्न तीत आला का, ते कान देऊन ऐका. आला नसेल, तर तिथल्या तिथे सांगा आणि लिहून घ्यायला लावा.