आमचे गुहागर

आज आपण आपल्याच गावाविषयी बोलू. गुहागर हे नाव आपण रोज घेतो. त्या नावात 'आगर' आहे. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग.

गावाची ठेवण बघा. समुद्राला धरून एक लांबच लांब रस्ता जातो. रस्त्याला लागून घर. घरामागे विहीर. विहिरीपलीकडे माड आणि पोफळी. त्यापुढे सुरूचे बन, मग वाळू. मध्यावर व्याडेश्वराचे देऊळ. वरचा पाट, खालचा पाट ही गावाच्या भागांची नावे. पोर्तुगीज लोक या किनाऱ्याला 'ब्राह्मणांचा उपसागर' म्हणत. शेवटच्या पेशव्याने, दुसऱ्या बाजीरावाने, १८१२ साली इथे एक वाडा बांधला. इंग्रज आले. १८२३ साली त्या वाड्याचे बरेचसे सामान रत्नागिरीस गेले. तिथे ते सरकारी कचेऱ्यांना लागले. वाडा असा गेला. आगरे मात्र राहिली.

ती राहिली, कारण त्यांत हात राबत होते. पोफळीला उन्हाळाभर पाणी लागते. पंप आले नव्हते, तेव्हा रहाटाला बैल नाहीतर रेडा जुंपायचा. लोट्यांनी पाणी वर यायचे. ते पाटाने आळ्याआळ्यात सोडायचे. माडाचे काही फुकट जात नाही. चुडतांचे झाप विणतात. पावसाआधी पडवीला त्यांच्याच झड्या बांधतात. हिरांचा खराटा होतो, काथ्याचे सुंभ होते. कुणबी पाणी शिंपी, भंडारी माडावर चढे, खारवी होडी घेऊन समुद्रात जाई. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नसे.

पण चालत नसे म्हणून सगळे सारखे होते का? नव्हते. कोकणात तेव्हा खोती होती. खोत गावाचा सारा वसूल करून सरकारात भरी. कुळाकडून मात्र तो भातशेतीचे निम्मे पीक घेई. त्याला अर्धेल म्हणत. शिवाय आठ दिवसांतून एक दिवस कुळाने फुकट राबायचे. ती वेठ. आमच्या आज्या-पणज्यांनी हे सोसले आहे.

१४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला शेतकऱ्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचे बिल मांडले. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. तरी खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. कूळकायदा १९४८ चा. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक ठरला.

ठरला, पण कुठे? कागदावर. आणि कागद वाचणार कोण? तलाठ्याने काय लिहिले, कुणाचे नाव ठेवले, कुणाचे गाळले, हे अंगठा उठवणाऱ्याला कसे कळावे? पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नुसत्या एका ओळीसाठी हातची जाऊ शकते.

हे दुःख ओळखणारा माणूस आपल्याच तालुक्यातला होता. कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. मुलांना शाळा सक्तीची करता यावी, असे बिल त्यांनी १९११ साली मोठ्या कौन्सिलात आणले. पुढच्या वर्षी ते पडले. बाजूने १३ मते, विरुद्ध ३८. शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला तो २०१० साली. मध्ये ९८ वर्षे गेली!

इकडे आगराचे पोट भरेना. घरटी एकजण मुंबईला गेला. दाभोळला बोट धरायची नि गिरणी गाठायची. मागे राहिलेल्या बाईला पत्र आले की ती ते मास्तरांकडे नेई. घरातले गुपित आधी मास्तरांना कळे!

चाकरमानी अजून येतात. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा बंद घरांची कुलपे निघतात. पालखी गेली की पुन्हा कुलूप. आगर सुकते. सातबाऱ्यावर वीस-वीस वारसांची नावे चढतात, आणि झाप बदलायला एकही माणूस नसतो. १९९० नंतर अंजनवेलजवळ वीज कारखान्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या. तेव्हाही घरात पहिला आला तो कागदच.

तर मंडळी, उद्या येताना आपापला सातबारा आणा. वर सात नंबर, त्यात मालकाचे नाव. खाली बारा नंबर, त्यात पीक. आपण आधी 'कूळ व इतर अधिकार' हा रकाना वाचू. त्यात कुणाकुणाची नावे आहेत ती बघू.